पाठीवर जाऊ नका, पोट बघा: ओल्या किनारी जंगलातलं लोबारिया पल्मोनारिया कसं ओळखायचं

पाऊस उघडून अर्धा तास झालेला असतो. मेपलच्या जाड खोडावर, शेवाळाच्या गादीतून बाहेर आलेलं, हाताच्या पंजाएवढं काहीतरी हिरवंगार लोंबत असतं. पान म्हणावं तर देठ नाही, शेवाळ म्हणावं तर एवढं रुंद शेवाळ नसतं. चार कोरड्या दिवसांनी त्याच झाडापाशी परत जा. त्याच जागी आता तपकिरी, कडक, कडा आत वळलेला, जुन्या चामड्यासारखा तुकडा दिसतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला ही दोन वेगळी रूपं एकाच जिवाची आहेत हे पटत नाही.

हे शैवाक आहे. लायकेन किंवा दगडफूल या नावानंही आपण हा प्रकार ओळखतो. या लेखात मी एकाच जातीबद्दल बोलणार आहे: लोबारिया पल्मोनारिया. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची जंगलं, स्कॉटलंडचा पश्चिम किनारा, नॉर्वेचा किनारा, थोडक्यात समुद्रावरून येणारी ओल जिथं जंगलात मुरलेली असते, तिथं ते चांगलं वाढतं. ते आकारानं मोठं असतं आणि जमिनीवर उभं राहून दिसतं, त्यामुळं शैवाकं शिकायला सुरुवात करणाऱ्यासाठी याहून चांगली जात मला माहीत नाही. पण त्याच्यासारखी दिसणारी भावंडंही त्याच जंगलात राहतात, आणि गोंधळ तिथंच होतो.

शिकताना माझ्या बहुतेक चुका एकाच कारणानं झाल्या. मी वरची बाजू बघून नाव देऊन मोकळा होत होतो. वरच्या बाजूला मी पाठ म्हणतो आणि खालच्या बाजूला पोट. पाठ बघून फक्त अंदाज बांधता येतो, निर्णय पोट बघून करायचा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या पोटापर्यंत नीट पोचण्यासाठी आहेत.

आधी थोडी ओळख

शैवाक म्हणजे एकच एक वनस्पती नव्हे. बुरशी आणि शैवल यांनी मिळून थाटलेलं ते बिऱ्हाड असतं. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये ही गोष्ट मांडली, तेव्हा त्या काळच्या कित्येक जाणकारांना ती अजिबात रुचली नव्हती. लोबारिया पल्मोनारियात तर तीन भागीदार आहेत. घर बांधणारी बुरशी, सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारं हिरवं शैवल, आणि हवेतला नायट्रोजन पकडणारा नॉस्टॉक हा सायनोबॅक्टेरिया. नॉस्टॉक लक्षात ठेवा, ओळख पटवताना तो कामाला येतो.

शैवाकाच्या सगळ्या शरीराला कायक म्हणतात. कायकाच्या आकारावरून शैवाकांचे ढोबळ गट पडतात: दगडावर रंग फासल्यासारखी चिकटलेली, पानासारखी पसरट, आणि झुडपासारखी किंवा दाढीसारखी लोंबणारी. आपलं शैवाक पानासारख्या गटातलं. त्याच्या पसरट भागांना मी पाळ्या म्हणेन, कानाची पाळी म्हणतो तशा.

सोबत काय न्यायचं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, पाण्याचा फवारा मारायची छोटी बाटली, एक धारदार ब्लेड, कागदाच्या पुड्या, पेन्सिल, वही आणि मोजपट्टी. भिंगाशिवाय निघू नका, बाकी एखादी वस्तू राहिली तरी चालेल. भिंग डोळ्याला टेकवायचं आणि वस्तू भिंगाजवळ आणायची, उलटं करायचं नाही. भिंग वस्तूजवळ धरून लांबून बघणाऱ्याला काहीच नीट दिसत नाही, आणि मग भिंगच वाईट आहे असं वाटतं.

पायरी १: जागा आणि झाड

शैवाकाकडे बघण्याआधी झाडाकडे बघा. लोबारिया पल्मोनारियाला फार आम्ल नसलेली, ओल धरून ठेवणारी साल आवडते. पॅसिफिक किनाऱ्यावर बिगलीफ मेपलवर ते हमखास शोधावं. वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानात होह नदीच्या काठी या मेपलांवर शेवाळ, नेचे आणि शैवाकं यांचे थरावर थर चढलेले असतात. स्कॉटलंडच्या पश्चिमेला ते ओक, अ‍ॅश, रोवन यांच्यावर आणि किनाऱ्यालगतच्या जुन्या हेझेलच्या बनांत आढळतं. नॉर्वेच्या किनारी पर्जन्यवनात मात्र ते स्प्रूसच्या फांद्यांवरही वाढतं, त्यामुळं सूचिपर्णी झाड दिसलं म्हणून ते लगेच बाद करू नका.

झाडाचं वय महत्त्वाचं असतं, पण त्याहून महत्त्वाचं जंगलाचं सातत्य. हे शैवाक सावकाश वाढतं आणि सावकाश पसरतं. जंगल एकदा सपाट करून पुन्हा लावलं तर झाडं कालांतरानं मोठी होतात, पण हे शैवाक तिथं परत येईलच असं नाही. ब्रिटनमध्ये फ्रान्सिस रोझ यांनी १९७६ मध्ये जुन्या, अखंड राहिलेल्या जंगलांचा माग काढण्यासाठी शैवाकांच्या निवडक जातींची यादी तयार केली, आणि लोबारिया पल्मोनारिया त्या यादीत आहे. म्हणून ते सापडलं तर आजूबाजूचं जंगल सावकाश बघा. एक सापडलं की त्याच्या आसपास सहसा आणखी कितीतरी दुर्मीळ जाती असतात.

हवेचंही तसंच. सल्फर डायऑक्साइड याला सोसत नाही. डेव्हिड हॉक्सवर्थ आणि फ्रान्सिस रोझ यांनी १९७० मध्ये खोडांवरची शैवाकं बघून हवेची शुद्धता ठरवायची एक मोजपट्टी मांडली, आणि त्यात लोबारिया पल्मोनारियाची जागा अगदी स्वच्छ हवेच्या टोकाकडे आहे. धुराड्यांच्या जवळच्या झाडावर पानासारखं काही दिसलं तर आधी दुसऱ्या जातींचा विचार करा.

खोडावर नजर साधारण छातीच्या उंचीपासून वर न्या. शेवाळाची गादी जिथं जाड आहे पण प्रकाश पूर्ण अडलेला नाही अशी जागा शोधा. गच्च काळोखात ते नसतं, भर उन्हातही नसतं. आणि खाली जमिनीवरही बघा. वादळानंतर उंच फांद्यांवरून पडलेले तुकडे पाचोळ्यात मिळतात. हाताळायला, कापायला, तपासायला तेच तुकडे उत्तम, कारण ते घेतल्यानं झाडावरचं काही कमी होत नाही.

पायरी २: पाणी मारा आणि थांबा

कोरड्या शैवाकाचा रंग बघून काहीही ठरवू नका. फवारा मारा आणि मिनिटभर नुसतं बघत राहा. आधी थेंब पाठीवर गोळ्यासारखे राहतात, मग कडांकडून ओल आत शिरते. राखाडी-तपकिरी पाळी मऊ पडते, आत वळलेली कड उलगडते आणि हिरवा रंग वर येतो, तोही लेट्यूसच्या पानासारखा उजळ हिरवा. शेवटी मधला एखादा कोरडा ठिपका तेवढा तपकिरी राहतो आणि तोही बघता बघता विरघळतो. मी हे कितीदा तरी पाहिलंय आणि अजूनही दरवेळी थांबून पाहतो.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे हा रंग ओळखीसाठी नीट वापरता येईल. कोरडं असताना बुरशीचा वरचा थर अपारदर्शक असतो. ओला झाला की तो पारदर्शक होतो आणि त्याच्याखालचं शैवल दिसू लागतं. म्हणजे ओल्या शैवाकाचा रंग आतल्या भागीदाराचा रंग सांगतो. उजळ हिरवा आला तर आत मुख्य भागीदार हिरवं शैवल आहे. गडद तपकिरी, काळपट किंवा पाटीसारखा निळसर करडा आला तर मुख्य भागीदार नॉस्टॉक आहे.

या एका चाचणीनं अर्धी गर्दी बाजूला होते. लोबारिना स्क्रोबिक्युलाटा हे याचं जवळचं नातलग, पूर्वी लोबारियातच गणलं जायचं. तेही मोठं, गोलसर पाळ्यांचं आणि भुकटी असणारं, पण कोरडं असताना निळसर राखाडी आणि ओलं झाल्यावर गडद पाटीसारखं होतं. स्यूडोसायफेलारिया अँथ्रास्पिस हे तर पाठीवर लोबारियासारखंच खाचखळग्यांचं, मात्र ओलं असताना तपकिरीच राहतं. या दोघांतही मुख्य भागीदार नॉस्टॉक आहे.

एक सावधगिरी. खोडावर उघड्या बाजूला वाढलेले लोबारिया पल्मोनारियाचे कायक कोरडे असताना जास्त तपकिरी दिसतात, सावलीतले कोरडे असतानाही हिरवट राखाडी राहतात. एकाच झाडाच्या दोन बाजूंना हे दोन्ही मिळतात. त्या दोन वेगळ्या जाती नव्हेत.

पायरी ३: पाठ

आता आकार. पाळ्या रुंद असतात, साधारण १ ते ३ सेंटिमीटर, आणि लांबी ७ सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकते. टोकांशी त्या हरणाच्या शिंगासारख्या फुटलेल्या किंवा कापल्यासारख्या दिसतात. सगळं कायक खोडाला एका भागानंच धरलेलं असतं आणि बाकी सैल लोंबतं. सालीला घट्ट चिकटलेलं, नखानंही न सुटणारं काही असेल तर ते हे नाही.

पाठीवर उंच कण्यांचं जाळं असतं आणि कण्यांच्या मध्ये खोलगट खळगे. माणसाच्या फुप्फुसाच्या आतल्या बाजूसारखं ते दिसतं असं युरोपातल्या जुन्या वैद्यांना वाटलं. शरीराच्या ज्या अवयवासारखी वनस्पती दिसते त्याच अवयवाचं ती औषध, या समजुतीतून ते फुप्फुसाच्या विकारांवर दिलं जाई. नावात पल्मोनारिया आलं ते त्यामुळं. लिनियसनं १७५३ मध्ये त्याला लायकेन पल्मोनारियस असं नाव दिलं आणि १७९६ मध्ये हॉफमननं ते लोबारियात आणलं. इंग्रजीतलं लंगवर्ट हे नाव मात्र एका फुलझाडालाही आहे, म्हणून नोंद करताना शास्त्रीय नावच लिहा.

नवशिक्यांचा इथं एक नेहमीचा घोटाळा होतो. पार्मेलिया सल्काटा या अतिशय सामान्य शैवाकाच्या पाठीवरही जाळं दिसतं. पण त्याच्या पाळ्या फार तर काही मिलिमीटर रुंद असतात, रंग राखाडी असतो आणि पोट काळं. मोजपट्टी लावली की शंका उरत नाही. प्लॅटिस्मेशिया लाकुनोसा जरा जास्त फसवतं. आल्डरच्या फांद्यांवर ते मिळतं, कणे चांगले ठळक असतात, पण रंग पांढुरका राखाडी, आणि पाणी मारल्यावर तो लेट्यूससारखा हिरवा होत नाही.

पायरी ४: कणे आणि कडा भिंगाखाली

इथं घाई केलीत की चुकलात. भिंग डोळ्याला लावा आणि एकच कणा सावकाश बघत जा.

लोबारिया पल्मोनारियाच्या कण्यांवर आणि पाळ्यांच्या कडांवर फिकट राखाडी किंवा पांढुरक्या भुकटीचे ठिपके आणि रेषा दिसतात. ही भुकटी म्हणजे सोरेडिया: शैवलाच्या काही पेशी आणि त्यांच्याभोवती गुंडाळलेले बुरशीचे धागे, असं तयार गाठोडं. पावसाचा थेंब किंवा एखादा किडा ते सुटं करून दुसरीकडे नेतो आणि तिथं नवं कायक उगवतं. काही कायकांवर भुकटीऐवजी बारीक दाणे किंवा दांड्या दिसतात, त्यांना इसिडिया म्हणतात. या जातीत दोन्ही असू शकतात, कधी एकाच पाळीवर दोन्हींच्या मधली अवस्थाही दिसते. बोटाचं टोक हलकेच फिरवून बघा. सोरेडिया बोटाला पिठासारखे लागतात, इसिडिया खरखरीत लागतात.

आता भावंडांकडे या. लोबारिया ओरेगाना, जिला लेट्यूस लायकेन म्हणतात, ती अलास्कापासून उत्तर कॅलिफोर्नियापर्यंतच्या पट्ट्यातली. तिची पाठही कण्यांची आणि खळग्यांची, पोटही बरंचसं असंच. पण तिच्या कडांवर भुकटी नसते. त्याऐवजी बारीक बारीक पाळ्यांची झालर असते, झबल्याच्या घडीसारखी चुणीदार. रंग कोरडेपणीही पिवळसर हिरवा राहतो, कारण वरच्या थरात उस्निक आम्ल असतं. ती मुख्यतः जुन्या डग्लस फरच्या उंच शेंड्यांत राहते. ओरेगनमधल्या एच. जे. अँड्र्यूज प्रायोगिक जंगलात १९७० च्या दशकात विल्यम डेनिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोर लावून या उंच झाडांवर चढून अभ्यास केला, तेव्हा वर किती लोबारिया आहे आणि ती जंगलाला किती नायट्रोजन पुरवते हे समोर आलं. तुम्हाला ती बहुधा खाली पडलेलीच मिळेल. फरच्या सुयांच्या पाचोळ्यात, मेपल आसपास नसताना, पिवळसर हिरवं, झालरवालं लोबारिया मिळालं तर ओरेगाना म्हणायला हरकत नाही.

दुसरी लोबारिया लिनिटा. ती दिसायला लोबारिया पल्मोनारियाच, फक्त भुकटीही नाही आणि इसिडियाही नाहीत. तिच्यावर अपोथेसिया, म्हणजे बुरशीचे बीजाणू तयार करणाऱ्या लालसर तपकिरी गोल चकत्या, जास्त वेळा दिसतात. शेवाळलेले खडक आणि झाडांची बुडं तिला आवडतात. कोवळ्या लोबारिया पल्मोनारियावरही सोरेडिया नसू शकतात, म्हणून एकच लहान कायक बघून लिनिटा म्हणू नका. त्याच खोडावरचं सगळ्यात मोठं, जुनं कायक शोधा आणि ते तपासा.

गोगलगायींचाही विचार करावा लागतो. त्या हे शैवाक खातात, आणि वरचा थर खरवडला गेला की आतला पांढरा कापसासारखा थर उघडा पडतो. लांबून हे ठिपके सोरेडियासारखेच वाटतात. फरक असा: खरवडलेली जागा खोलगट असते, वेडीवाकडी असते आणि कुठंही असते. सोरेडिया मात्र कण्यांना आणि कडांना धरून असतात आणि पृष्ठभागाच्या वर उठलेले दिसतात. काळ्या, चामखिळीसारख्या गाठी दिसल्या तर त्याही या शैवाकाच्या नव्हेत. प्लेक्टोकार्पॉन लायकेनम ही लोबारिया पल्मोनारियावर वाढणारी वेगळी बुरशी आहे. तिच्या गाठी दिसल्या तर नोंद जरूर करा.

पायरी ५: पोट

पाळीचं टोक दोन बोटांत धरा आणि हलकेच उलटं करा. ओलं असतानाच करा, कोरडी पाळी मोडते.

लोबारिया पल्मोनारियाचं पोट एकदा पाहिलं की विसरत नाही. फिकट, पांढुरके किंवा बदामी रंगाचे गुळगुळीत फुगवटे, आणि त्यांच्यामध्ये तपकिरी मखमली लव भरलेल्या पन्हाळी. फुगवटा म्हणजे पाठीवरचा खळगाच, खालून बघितलेला. पन्हाळ म्हणजे पाठीवरचा कणा. तांब्याच्या भांड्यावर ठोके मारावेत आणि मग भांडं उलटं करून आतून बघावं, तसं पाठ आणि पोट एकमेकांचे ठसे असतात. पाठीवर एखाद्या खळग्यावर बोट ठेवा, पाळी उलटा, बोटाच्या बरोबर खाली उघडा फुगवटा मिळाला पाहिजे.

मग भिंगातून छिद्रं शोधा. छिद्र नसणं हीच इथं खूण आहे. उघडे फुगवटे सलग आणि साधे असले पाहिजेत.

लवेत छोट्या गोल वाट्या दिसल्या, कड नीट उचललेली, आत फिकट, तर ते स्टिक्टा नावाचं दुसरं शैवाक. हवा खेळण्यासाठी त्यांना या वाट्या असतात. स्टिक्टाच्या काही जाती ओल्या असताना चोळल्या तर माशासारखा वास येतो, आणि तो एकदा नाकात बसला की पुढच्या वेळी भिंगाआधी नाकच सांगतं.

वाट्यांऐवजी कड नसलेले, किंचित उचललेले पांढरे किंवा पिवळे ठिपके दिसले तर ते स्यूडोसायफेलारिया. वर सांगितलेल्या अँथ्रास्पिसचे ठिपके पांढरे असतात. स्यूडोसायफेलारिया क्रोकाटाचे ठिपके आणि सोरेडिया दोन्ही पिवळेजर्द. स्यूडोसायफेलारिया अनोमाला पाठीवर कण्यांना धरून भुकटी घेऊन येतं, म्हणून पाठ बघून लोबारिया म्हटलं जातं. पोटावरचे पांढरे ठिपके आणि ओलेपणीचा तपकिरी रंग हे दोन्ही बघितलं तर चूक टळते.

पोटावर शिरा आणि त्यांतून निघालेले मुळांसारखे धागे, तर पेल्टिजेरा. ते बहुतेक जमिनीवर आणि शेवाळात असतं, पण पेल्टिजेरा कॉलिना खोडावरही राहतं. अपोथेसिया पाळीच्या टोकाला खालच्या बाजूला, मूत्रपिंडाच्या आकाराचे, तर नेफ्रोमा. पोट चकचकीत, काळं-तपकिरी-पांढरं असं चट्ट्यापट्ट्यांचं आणि लव अजिबात नाही, तर प्लॅटिस्मेशिया ग्लाउका.

युरोपात आणखी दोघं भेटतात, दोन्ही पूर्वी लोबारियात होती आणि आता रिकासोलिया म्हटली जातात. रिकासोलिया व्हिरेन्स ओलं असताना झगझगीत हिरवं होतं, पण पाठ जवळपास गुळगुळीत असते, भुकटी नसते आणि अपोथेसिया भरपूर. रिकासोलिया अम्प्लिसिमा जाड, फिकट राखाडी, आणि त्याच्या पाठीवर कधी कधी काळपट बारीक झुडपं उगवलेली दिसतात. ती झुडपं म्हणजे आतल्या सायनोबॅक्टेरियाचं बाहेर आलेलं रूप.

पायरी ६: एक काप

पडलेला तुकडा मिळाला असेल तरच ही पायरी करा. ब्लेडनं पाळी आडवी कापा आणि काप भिंगाखाली धरा. वर पातळ थर, त्याखाली हिरवी रेघ, मग पांढरा कापूस, मग खालचा थर आणि लव. हिरवी रेघ सलग असली पाहिजे. त्या पांढऱ्या कापसात मध्ये मध्ये गडद निळसर-काळे दाणे सापडतील. त्यांत नॉस्टॉक राहतो. दोन-तीन काप घेतले तर सहसा एखादा दाणा हाती लागतोच. हिरवी रेघ आणि निळे दाणे एकाच कापात दिसले की तिन्ही भागीदार तुमच्या डोळ्यांसमोर असतात.

पायरी ७: रसायनं, गरज असेल तरच

पाठ, पोट आणि कडा जुळल्या असतील तर मी इथंच थांबतो. खरा उपयोग लिनिटाशी गोंधळ असेल तेव्हा होतो. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं साधारण १० टक्क्यांचं द्रावण काडीच्या टोकावर घ्यायचं. वरचा थर ब्लेडनं खरवडून पांढरा थर उघडा करायचा आणि अगदी बारीक थेंब तिथं ठेवायचा. लोबारिया पल्मोनारियात आधी पिवळा आणि मग नारिंगी ते लाल रंग येतो, कारण तिथं स्टिक्टिक आणि नॉरस्टिक्टिक आम्लं असतात. लिनिटात रंग बदलत नाही. ओरेगानातही स्टिक्टिक आम्ल असल्यानं तिला वेगळं काढायला ही चाचणी उपयोगाची नाही, तिथं झालरच बघायची.

हे द्रावण त्वचा आणि डोळे जाळतं. हातमोजे आणि चष्मा घाला, आणि चाचणी घरी टेबलावर करा, झाडावर कधीही नको. पॅराफिनिलीनडायअमाइनची चाचणीही शैवाकवाले करतात, पण ते विषारी आहे आणि अ‍ॅलर्जी उठवतं. प्रयोगशाळेबाहेर ते वापरू नका.

गोळा करणं आणि नोंद

झाडावरचं कायक उपटू नका. पंजाएवढं कायक व्हायला कितीतरी वर्षं जातात, आणि ते गेलं तर त्याच्याबरोबर आसपास भुकटी पसरवणारं जुनं घरही जातं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत परवान्याशिवाय काहीही गोळा करता येत नाही, पडलेला तुकडासुद्धा नाही. इतरत्रही जमीन कुणाची आहे आणि नियम काय आहेत ते आधी विचारा. अमेरिकेच्या वायव्य किनारी भागातल्या सरकारी जंगलांसाठी १९९४ मध्ये वन योजना झाली, तेव्हा कितीतरी शैवाकं शोधून सांभाळायच्या जातींच्या यादीत गेली. युरोपात अ‍ॅशची झाडं बुरशीच्या रोगानं मरत आहेत, त्यांच्यावरची लोबारियाही त्यांच्याबरोबर जाते. त्यामुळं आज लिहिलेली एक साधी नोंद उद्या फार मोलाची ठरू शकते.

परवानगी असेल तर पडलेला छोटा तुकडा कागदाच्या पुडीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये तो घामेजतो आणि कुजतो. घरी उघडा ठेवून वाळवा, पुडी बदला, आणि किडे मरावेत म्हणून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवा.

फोटो किमान चार हवेत: झाडासह दुरून, पाठ कोरडी, पाठ ओली, आणि पोट. चौथा फोटो नसेल तर कितीही जाणकार माणूस तुम्हाला खात्रीनं नाव सांगू शकणार नाही. मोजपट्टी निदान एका फोटोत असू द्या.

पुडीवर तारीख, जागा, अक्षांश-रेखांश आणि उंची यांच्याबरोबर झाडाचंही लिहा. माझ्या एका पुडीवरची नोंद अशी आहे: ‘बिगलीफ मेपल, जिवंत. जमिनीपासून दीड मीटर, उत्तर बाजू, शेवाळावर. ओलं असताना उजळ हिरवं. कडांवर आणि कण्यांवर सोरेडिया, दोन ठिकाणी इसिडिया. पोट उघड्या फुगवट्यांचं, छिद्रं नाहीत, ठिपके नाहीत. अपोथेसिया नाहीत. काप घेतला नाही, रसायन लावलं नाही.’ शेवटचं वाक्य न चुकता लिहा. पुढं कुणी ती पुडी उघडली तर काय तपासलं आणि काय तपासायचं बाकी आहे हे त्याला कळायला हवं.